खांबाच्या माथ्यावरची भेग

निकोदेमो आला तो तांब्याचा पत्रा छातीशी कवटाळूनच. रोममधल्या पडक्या खांबांची नक्षी तांब्यावर कोरून त्याचे छाप विकणं, हा त्याचा धंदा. हेच काम करणाऱ्या प्रोस्पेरोनं त्याच्यावर नक्कल केल्याचा आळ घेतला होता. संध्याकाळी नगराधिकारी निकाल देणार होते. चोर ठरेल त्याचा पत्रा वितळवला जाणार होता.

"हा गेला तर मी संपलो, बाई."

सेत्तिमियाबाई एका वकिलाची विधवा. लोकांच्या भानगडी निस्तरण्यात तिचा दिवस मजेत जायचा. तिनं एकाच खांबाचे दोघांचे छाप शेजारी शेजारी मांडले. दीर ताद्देओ डोकावलाच.

"वहिनी, यात शोधायचं काय? खऱ्या खांबाचा डावा कोपरा फुटलाय. प्रोस्पेरोच्या छापात डावाच फुटलाय, याच्यात उजवा. यानंच ढापलं."

"भाऊजी, जरा दम धरा."

खांबाच्या माथ्यावर दगडात कोरलेली पानं होती; त्यातल्या मधल्या पानावर दोन्ही छापांत भेग होती. निकोदेमोची म्हणजे निमुळती होत गेलेली एक रेघ. प्रोस्पेरोची खोल, दोन्ही कडांना सावली दिलेली. भेगेबद्दल विचारताच निकोदेमो कानापर्यंत लाल झाला आणि "असेल" एवढंच म्हणाला.

बाई प्रोस्पेरोकडे गेली, तर त्यानं मात्र वाइन पाजली आणि भरपूर फुशारकी मारली. "ती भेग? शिडी लावून स्वतः चढलो. बोट आत गेलं माझं."

मग बाईनं पडक्या खांबांभोवती चरणाऱ्या गाईंमधून वाट काढली, ताद्देओला शिडी धरायला लावली आणि वर चढून पाहिलं. दगडातलं पान अखंड होतं. दोघेही खोटारडे, असं ताद्देओनं जाहीर केलं.

संध्याकाळी ती अधिकाऱ्यांना म्हणाली, "निकोदेमोनं खांबापुढे बसून थेट तांब्यावर कोरलं. छापताना डाव्याचं उजवं झालं. प्रोस्पेरोनं त्या छापावरून कोरलं, म्हणून उलट्याचं पुन्हा सुलट झालं."

"पुरावा?"

"भेग. दगडात ती नाहीच. निकोदेमो, हात घसरला ना?"

कोरणारा एक वेळ खून कबूल करील, हात घसरल्याचं नाही. निकोदेमोनं मान खाली घातली. "सासूबाईंनी मागून हाक मारली."

"घसरलेल्या हाताची एकच रेघ उमटते. तिला भेग समजून सावली कुणी दिली?"

"भेग आहे तिथं," प्रोस्पेरो गुरगुरला.

"शिडी अजून लावलेलीच आहे. चला, बोट घालून दाखवा."

ताद्देओ शिडी धरायला उठलासुद्धा. प्रोस्पेरो जागचा हलला नाही. शेवटी त्यानं आपलाच पत्रा वितळवायला पुढे सरकवला, आणि निकोदेमो आपला पत्रा पोटाशी धरून ढसाढसा रडला.