देहखूण

पडदा हिरवा झाला आणि डॉ. हेमांगी देवपुजारीने हातातलं पेन खाली ठेवलं. हिरवा म्हणजे देहखूण, स्वतः केलेल्या कृतीची मेंदूतली खूण, सापडली. देहखूण सापडली म्हणजे समोरच्या खुर्चीत बसलेली प्रणिता इंगळे चोर ठरली, निदान कायद्याच्या लेखी तरी.

प्रणिता अकोल्याच्या बीजकोठारात मदतनीस होती. तिथल्या शीतकोठीतून ज्वारीच्या एका लोपलेल्या वाणाचं शेवटचं पाकीट नाहीसं झालं होतं, आणि कोठीची किल्ली तिच्याकडे असे. हिंसेचा आरोप नसलेल्या स्त्रियांची मनोतपासणी करणाऱ्या नागपूरच्या या केंद्रात तिला आणलं होतं. सुनावणी दुसऱ्याच दिवशी होती.

पहिल्या भेटीत ती ठामपणे नाही म्हणाली होती. आज डोक्यावरची यंत्राची जाळीची टोपी काढताना ती खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, आता मलेच वाटते, मीच घेतलं असंन. हाताले आठवते ना."

शिपाईबाई तिला घेऊन गेल्या. हेमांगी मात्र तिथेच बसून राहिली. थोड्या वेळाने या अनुभवशोधक यंत्राचे जनक डॉ. वैरागडे आत आले, तेव्हाही ती पडद्याकडेच पाहत होती.

"हिरवा आहे ना? मग अडलंय कुठे?" त्यांनी विचारलं.

"सर, देहखूण नेमकी कशाने पडते?"

वैरागडे हसले. वीस वर्षं ते हेच सांगत आले होते. "ऐकलेली गोष्ट आठवली तर मेंदूतला भाषेचा भाग जागा होतो. स्वतः केलेली आठवली तर हात हलवणारा, थंडी-ऊन जाणवणारा भागही जागा होतो. शरीर खोटं बोलत नाही, बाई."

"पण शरीराला शिकवता येतं," हेमांगी म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. पोलिसांनी प्रणिताला कोठीत नेऊन घटना पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावली होती. कप्पा ओढ, पाकीट उचल, जेवणाच्या डब्याच्या खालच्या पुडात ठेव. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. ती इथे आली ती हात तयार करूनच.

वैरागडेंनी मान हलवली. नुसत्या सरावाने देहखूण पडत नाही, हे त्यांनी स्वतः तपासलं होतं. त्या प्रयोगात त्यांचे विद्यार्थी हसत-खेळत सराव करत. घाबरलेलं कोणी त्यांत नव्हतं, हे हेमांगीने बोलून दाखवलं नाही.

तिची एक पद्धत होती. आरोपी बाईला हातवारे करायचा संकोच वाटू नये म्हणून ती समोर बसून स्वतःही तसेच हात हलवी. प्रणिता करताना रडे, आणि हेमांगीला रात्री झोप लागत नसे. म्हणजे तिचाही सराव झाला होता, आणि भीतीही मुरली होती.

"मी बसू का खुर्चीत?" तिने विचारलं.

"बसा. तुमचीही हौस फिटू द्या."

तिने टोपी घातली. वैरागडेंनी ठरलेले प्रश्न विचारले. पाकीट कुठे होतं? कसं उचललंत? हेमांगी उत्तरं देत गेली. तिच्या बोटांच्या टोकांना गारवा झोंबला.

पडदा हिरवा झाला.

वैरागडे झटकन पुढे झाले, पण उपयोग नव्हता. कोणी मध्ये हात घालू नये म्हणून प्रत्येक नोंद तत्क्षणी न्यायालयात जाई. ही सोय त्यांनीच करून ठेवली होती.

"तुम्ही हे मुद्दाम केलंत," ते म्हणाले.

"हो. आता एका पाकिटाचे दोन चोर झाले."

"अहो, पण तुम्ही त्या कोठीत कधी पाऊलही टाकलेलं नाही. चोरी झाली त्या दिवशी तर तुम्ही इथे होतात, माझ्यासमोर. आपण दिवसभर याच टोपीच्या तारा बदलत होतो."

"मग तशी साक्ष द्याल?"

वैरागडेंनी टोपीकडे पाहिलं. साक्षीदाराचीही देहखूण तपासायची, असा नियम होता. तोही त्यांच्याच आग्रहाने झालेला. ते खुर्चीत बसले आणि पडदा हिरवा झाला, तर हेमांगी एकाच दिवशी अकोल्यातही होती आणि नागपुरातही, असं त्यांचंच यंत्र सांगणार. हिरवा झाला नाही, तर यंत्राचा जनकच खोटा साक्षीदार. दोन्हीकडून यंत्र बुडत होतं.

"आणि याआधी याच पडद्यावर दोषी ठरलेल्या बायका?" त्यांनी विचारलं. उत्तराची वाट मात्र पाहिली नाही. चष्मा काढून खिशात ठेवला, खुर्चीत बसले आणि पांढऱ्या केसांवर स्वतःच टोपी ओढून घेतली.

"विचारा."

हेमांगी बोटं चोळत उभी होती. गारवा जात नव्हता. कप्पा ओढताना झालेला खरखर आवाज तिला ऐकू आला, आणि प्रणिताने त्या आवाजाबद्दल कधी सांगितल्याचं तिला आठवेना.

"त्या दिवशी मी इथेच होते ना, सर?" तिने विचारलं.

प्रश्न ठरलेलाच होता. पण उत्तर तिलाही हवं होतं.