मित्रबुरशीचा न्याय

नाशिकच्या त्या कॉलनीत औषध फवारायचे पंप केव्हाच माळ्यावर गेले होते. गुलाबांवर मावा नाही, भुरी नाही, पानांवर काळे ठिपके नाहीत. सगळी करामत मंजिरी टिपणीसच्या मित्रबुरशीची! प्रयोगशाळेत तयार केलेली ही बुरशी मातीतून धागे पसरायची आणि घरोघरच्या गुलाबांची मुळं जोडायची. एका झाडाला कीड लागली की धाग्यांवरून बातमी पुढे जायची आणि बाकीची झाडं आपला रस आधीच कडू करून ठेवायची. लोक मंजिरीला रस्त्यात थांबवून शाबासकी द्यायचे. तिलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला!

शेजारच्या खैरनारकाकांचा गुलाब तेवढा झुरत होता. काकूंनी जाण्याआधी स्वतः खोडावर डोळा भरून तयार केलेलं ते कलम. आता कळ्यांना मावा चिकटलेला, पानं भुरीनं पांढरीफटक.

"मंजिरी, हे गेलं तर तिच्या हातचं म्हणून घरात काही उरणार नाही गं," काका म्हणाले.

मंजिरी तिथेच मातीत बसली, मुळांशी सुईसारखा संवेदक खुपसला आणि मोबाइलवर धाग्यांतली हालचाल पाहू लागली. बातमी काकांच्या कुंपणापर्यंत येत होती आणि तिथेच थांबत होती. धागे तर शाबूत होते. बुरशीच ती अडवत होती.

"काका, बुरशीनं हे एक झाड मुद्दाम गोड ठेवलंय. सगळी कीड इथे गोळा होते, बाकीची झाडं वाचतात. मी तिला हे शिकवलं नव्हतं हो! तिचं तिनंच शोधून काढलं."

"आणि बळी द्यायला माझंच दार सापडलं होय तिला!"

काका तरातरा जाऊन टिकाव घेऊन आले. झाडाभोवती खोल चर खणून त्यांनी धागे तोडले, चरात पत्रा उभा केला. मंजिरीनं अडवलं नाही. मग रोज सकाळी काका साबणाच्या पाण्यानं एकेक पान पुसत बसायचे. महिन्याभरात झाडाला तांबूस कोवळी पालवी फुटली. काका लहान मुलासारखे हसत मंजिरीला ती दाखवत होते, तेवढ्यात समोरच्या भावसारवहिनी लगबगीनं आल्या. त्यांच्या हातातली कळी माव्यानं बुजबुजली होती.

"मंजिरी, अगं बघ ना! नातीच्या बारशाला लावलेलं झाड. खतपाणी सगळं वेळेवर. एकाएकी काय झालं गं याला?"

मंजिरी बोलणार, इतक्यात काकांनी हळूच तिचं मनगट धरलं.

"हवा बदललीय, वहिनी," ते म्हणाले. "होतं कधी कधी असं."

मंजिरीला धक्काच बसला. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांनी नजर वळवली. मनगटावरची पकड मात्र सुटली नव्हती.

वहिनी उत्तरासाठी अजून तिच्याकडेच बघत होत्या. खरं सांगितलं तर त्याही आजच टिकाव उचलणार. मग पुढचं झाड कुणाचं?