बैलबाजाराचा कठडा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर हसलेलं मला चालणार नाही. हे माझ्याच घरात घडलंय, कुपवाडला, गेल्या उन्हाळ्यात. आणि रात्र-बित्र काही नव्हती...

भर दुपार होती.

माझ्या नवऱ्याचं, उदयसिंहांचं, वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. जुना बैलबाजार मोडला तेव्हा जनावरं बांधायचा लोखंडी कठडा ह्यांनी भंगारातून उचलला. जाड दांडा, त्याला कड्या. आणून आमच्या ओट्याला बसवला.

"आवं, दुसरं लोखंड मिळालं न्हाई व्हय?" मी म्हटलं.

"असलं लोखंड आता मिळत न्हाई, येडे."

त्या दुपारी हे कठड्याला टेकून बसले होते. मी कठड्यावर वाळत घातलेला टॉवेल काढायला गेले. टॉवेलखाली हात घातला...

कुणीतरी माझी बोटं धरली.

एकेक बोट दाबून बघितलं.

मला वाटलं, ह्यांचाच चावटपणा. "भर दुपारी काय ओ हे?" म्हणत मीपण तो हात घट्ट दाबला.

हात सुटला.

मग बघितलं... ह्यांच्या दोन्ही हातांत कलिंगडाची फोड.

टॉवेल ओढला. खाली नुसती कडी. दांडा उन्हानं तापलेला, ती एकटीच गार होती.

शेजारचे धुळाआबा मूळचे माणदेशातले, जन्म जनावरांच्या बाजारात गेलेला. त्यांना सांगितलं, तर त्यांचं तोंडच उतरलं.

"पोरी, बाजारात सौदा तोंडानं न्हाई, फडक्याखाली हातानं व्हतो. हात दाबला म्हंजी दिलं."

"काय दिलं, आबा?"

"कठड्याला कोण हुतं तवा?"

मी वळून ओट्याकडं बघितलं. हे अजून तिथंच टेकून बसले होते.

"मालकानं हातानं सोडल्याबिगर जनावर जात न्हाई," आबा म्हणाले. "तू सोडू नगंस."

कठडा त्याच दिवशी ह्यांच्याकडनंच कापून घेतला आणि मी लांब टाकून आले. त्या टॉवेलखालच्या हातवाल्या मेल्याला तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. काही उपयोग झाला नाही.

दर गुरुवारी, जुन्या बाजाराच्या दिवशी, फाटकाबाहेर वहाणा करकरतात... बघावं तर कुणी नसतं. पण हे उठतात आणि चालू लागतात. मी दोन्ही हातांनी ह्यांचं मनगट धरून ठेवते.

गेल्या गुरुवारी माझे हात भरून आले. ह्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. नजरेत ओळखच नव्हती.

"सोड की आता," म्हणाले. "माणूस कवाचा उभा हाय."

मी सोडलं नाही. पण ह्यांच्या अंगात जोर लय आहे, आणि धरायला घरात मी एकटीच आहे. उद्या गुरुवार.