आंधीच्या दिवसांची रेघ

प्रतापराव वाघ कॉलेजच्या गच्चीवरच्या प्रयोगशाळेत पोहोचले, तेव्हा शालिनी ढवळेच्या बडतर्फीचं पत्र टाइप होऊन तयार होतं. फक्त प्राचार्यांची सही बाकी होती.

प्रतापराव पूर्वी होळकर संस्थानाच्या पोलिसात होते. बनावट मृत्युपत्रं पकडण्यात त्यांचा हातखंडा होता. संस्थान गेलं, मध्यभारत सरकार आलं, आणि शिक्षण खात्यानं त्यांना चौकशांना जुंपलं. आजची चौकशी एका यंत्राची होती.

आकाशातून येणारे विश्वकिरण ते यंत्र मोजत असे. फिरत्या कागदावर पोलादी निब शाईची रेघ ओढी. किरण वाढले की रेघ वर चढे. त्या उन्हाळ्यात रेघेत मधूनमधून कोऱ्या जागा निघाल्या. यंत्राचे प्रमुख प्रोफेसर दिनानाथ पळशीकर यांनी आळ घेतला तो त्यांच्या हाताखालच्या शालिनीवर.

प्रतापरावांनी एक गुंडाळी उलगडली, खिडकीच्या उन्हात तिरकी धरली आणि कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. मग प्राचार्य आणि पळशीकरांच्या देखत शालिनीला समोर बसवलं.

"पोलोग्राउंडचे कारखाने सुरू झाले की बिजली कम होते. यंत्र त्यामुळं बंद पडत असेल ना?"

"नाही. यंत्र बॅटरीवर चालतं."

"हो म्हणाला असतात तर सुटला असतात, बाई."

"खोटं कशाला बोलू?"

ती सांगत राहिली. एकदाही यंत्र बंद पडलं नव्हतं. रोज सकाळी ती कागद उतरवी, रेघ पुरी असे, आणि गुंडाळी ती पळशीकर सरांच्या हातात देई. कोऱ्या जागा पडलेल्या प्रत्येक दिवशी आंधी आली होती, हेही तिनं आपणहून सांगितलं. ती प्राचार्यांकडे बघत होती. प्राचार्य खिडकीबाहेर बघत होते.

पळशीकर हसले. "तेच मी म्हणतोय. विजा कडाडल्या की ही पोरगी घाबरून यंत्र बंद करते. बायकांना या कामात घेऊ नका, मी तेव्हाच सांगितलं होतं."

शालिनीचा चेहरा लाल झाला.

"या गुंडाळ्यांत मागाहून कुणी हात घातला असेल?" प्रतापरावांनी विचारलं.

"नामुमकिन. त्या माझ्या कपाटात असतात. किल्ली माझ्या जानव्याला. अंघोळीलासुद्धा काढत नाही."

"काही आंध्यांची रेघ मात्र शाबूत आहे. त्या दिवशी बाई घाबरल्या नाहीत?"

"ते तिलाच विचारा."

"आणि त्या रेघा काय सांगतात?"

पळशीकरांचा आवाज चढला. माळव्यावर आंधी आली की विश्वकिरण वाढतात, हा त्यांचा शोध होता. शाबूत असलेली प्रत्येक रेघ आंधीत वर चढलेली होती. पुढच्या महिन्यात याच शोधावर ते विलायतेला निघाले होते.

प्रतापरावांनी टेबलावरची मऊ पेन्सिल शालिनीपुढं सरकवली. कोऱ्या जागेवर ती आडवी धरून हलक्या हातानं घासायला सांगितलं.

कागद काळा होऊ लागला. त्या काळ्यात एक पांढरी रेघ उमटली. ती सलग होती आणि आंधीभर सपाट होती.

पळशीकरांनी गुंडाळीवर झडप घातली. प्रतापरावांनी त्यांचं मनगट धरलं.

"शाई रंगकाटाच्या, म्हणजे रंग उडवायच्या पाण्यानं जाते, प्रोफेसरसाहेब. निबेनं कागदात पाडलेली खाच जात नाही. मृत्युपत्रांतले आकडे आम्ही असेच वाचायचो. मतलब, यंत्र चालू होतं. रेघ नंतर पुसली. बाईंनी पुसली असती, तर पुसलेला कागद तुम्ही सकाळी हातात घेतलाच नसता, तिथंच बोंब मारली असती. तुम्ही बोंब मारली ती महिनाभरानं. तोवर कागद तुमच्या कपाटात, आणि किल्ली दुसऱ्या कुणाच्या हाती लागत नाही, हे आत्ता तुम्हीच सांगितलंत. ज्या आंध्यांत किरण वाढले त्या ठेवल्या. ज्यांत वाढले नाहीत त्या धुतल्या. मग कोऱ्या जागांचा जाब द्यायला कुणीतरी लागणार होतं."



"काही वेळा वाढले होते," पळशीकर म्हणाले. "ते खरं आहे."

"खरं आहे, सर," शालिनी म्हणाली. "बाकीच्या वेळी वाढले नाहीत, तेही खरं होतं."

ते तिच्याकडे वळले. "मला बुडवून तुला काय मिळणार? माझी शिफारस नसेल तर हिंदुस्थानातली एकही प्रयोगशाळा तुला दारात उभी करणार नाही."

तिनं पुढची गुंडाळी ओढली आणि पेन्सिल घासू लागली.

प्राचार्यांनी बडतर्फीचं पत्र फाडलं आणि तिला बाजूला घेऊन, कॉलेजची अब्रू आहे, बात इथंच राहू द्या, अशी विनवणी केली. पळशीकरांची विलायत रद्द झाली. प्रकृतीच्या कारणानं रजा, असं फलकावर लागलं. शालिनीची माफी कुणी मागितली नाही.

तिनं सगळ्या आंध्या, चढलेल्या आणि सपाट, एकत्र मांडल्या आणि शोधनिबंध स्वतःच्या नावानं छापायला धाडला. टपालात टाकण्याआधी तिनं तो प्राचार्यांना दाखवला. त्यांची परवानगी तिनं मागितली नाही.