एका बोटाची जागा

ताईचं घड्याळ मनगटावरून घसरलं, पंजावरून सुळकन निसटलं आणि घड्याळाच्याच दुकानाच्या पायरीवर आपटलं. आतून एक जण बाहेर आला. त्याने घड्याळ उचललं, आणि... घड्याळाकडे न बघता ताईच्या मनगटाकडे बघत राहिला.

माझ्या मनात पाल चुकचुकली.

"हे तुमचं नाही," तो म्हणाला.

"माझंच आहे. भेट मिळालंय."

"मग मनगट न बघता दिलेलं दिसतंय."

ताईने मनगट मागे घेतलं. कारण ते खरं होतं. ते बशीएवढं घड्याळ तिला दिलं होतं तिच्या होणाऱ्या नवऱ्याने. पत्रिका छापून झाल्या आणि त्याने फोन उचलणंच बंद केलं. मी तर त्याला दोन आठवड्यांतच जिजाजी म्हणायला लागले होते, इतकं गोड हसायचा तो. नंतर वर्षभर ताई रक्ततपासणीच्या लॅबमधून यायची, जेवायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. तेव्हापासून माझा नियम आहे – ताईशी नीट बोलणाऱ्या माणसावर आधी संशय घ्यायचा, विचार नंतर.

"नवीन बघते," ताई म्हणाली. "माझ्या मापाचं."

"आज नको. सकाळी मनगट बारीक असतं, संध्याकाळपर्यंत जरा फुगतं. उद्या संध्याकाळी या. हे तोवर इथेच राहू दे."

काय पण थाप! घरी येऊन मी शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी काढली आणि दुसऱ्या दिवशी दोनदा ताईचं मनगट मोजलं. सकाळी चौदा सेंटिमीटर. संध्याकाळी... चौदा आणि वर चार रेघा.

"पटलं का, इन्स्पेक्टरबाई?" ताईने विचारलं.

"एक खरं बोलला म्हणून सगळं खरं बोलेल असं नाही," मी म्हणाले आणि तिच्यासोबत निघाले.

दुकानात तेलाचा बारीक वास होता आणि शंभर घड्याळं आपापल्या मनाने टिकटिकत होती. त्याने कागदाची पट्टी ताईपुढे सरकवली. "तुम्हीच गुंडाळा." स्वतः हात लावला नाही. हे मी लक्षात ठेवलं – सभ्यपणा असेल, नाहीतर फार मुरलेला असेल.

"डायलचे कान मनगटाच्या बाहेर यायला नकोत," तो म्हणाला.

"घड्याळाला कान असतात?" मी विचारलं.

"पट्टा जिथे अडकतो, ते कान."

"मग तुम्ही गिऱ्हाइकांशी काय काय बोलता ते त्यांना ऐकू येत असेल."

"येतं ना. म्हणून मी कमी बोलतो."

ताई हसली. वर्षभरात पहिल्यांदा, तेही माझ्या संशयितासमोर.

शेवटी एक लहानसं, गोल, स्टीलच्या कड्यांचं घड्याळ ठरलं. त्याने पट्ट्यातल्या दोन कड्या काढून ताईला दिल्या. "आता खालून करंगळी घालून बघा. जेमतेम गेली पाहिजे. गेलीच नाही तर घट्ट, दोन बोटं गेली तर सैल."

ताईची करंगळी जेमतेम गेली. झालं, विषय संपला... असं मला वाटलं.

चार दिवसांनी ताई म्हणाली, "घट्ट होतंय गं." गेलो. त्याने एक कडी वाढवली. पुढच्या आठवड्यात, "सैल वाटतंय." गेलो. मग परत घट्ट. दर वेळी तो मान खाली घालून तासभर लावायचा, आणि तेवढ्यात त्याला कळायचं की ताईला कुठला चहा लागतो, आणि ती एका टोचणीत शीर कशी शोधते. लॅबमधल्या गोष्टी ताई आम्हालासुद्धा सांगत नाही.

मला सगळं स्वच्छ दिसलं. हा माणूस मुद्दाम माप चुकवत होता. पुन्हा एक गोड बोलणारा, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपलेली ताई... छे, या वेळी मी असं होऊ देणार नव्हते.

म्हणून चौथ्या खेपेला घरी येताच मी वहीत लिहून ठेवलं – डावीकडे सहा कड्या, उजवीकडे पाच. पुरावा.

शनिवारी दुपारी ताईच्या खोलीतून टकटक ऐकू आलं. संध्याकाळी ती म्हणाली, "परत घट्ट झालंय."

मी मोजल्या. डावीकडे पाच.

शिवणाचा डबा उघडला. जाड सुई वाकलेली – कडीतली पिन ढकलून. म्हणजे... चोर दुकानात नव्हताच. माझ्याच घरात, माझ्याच शेजारच्या पलंगावर झोपत होता.

दुकानात शिरले, पण वही मी पिशवीतच ठेवली. त्याने घड्याळ हातात घेतलं, उलटं केलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"कडीच्या आत बारीक बाण असतो," तो हळूच म्हणाला. "पिन त्या बाणाच्या दिशेने काढायची आणि उलट्या दिशेने बसवायची. या पिना चुकीच्या बाजूने घातल्यात."

ताईचे कान लाल झाले. घड्याळाचे नाही, तिचे.

"तुम्हाला... कधीपासून माहीत आहे?"

"दुसऱ्या खेपेपासून."

"मग बोलला का नाही?"

"बोललो असतो तर," तो अडखळला, "घड्याळ नीट बसलं असतं."

शंभर घड्याळं टिकटिकत होती. मग ताईने पर्समधून कापसात गुंडाळलेली एक कडी काढली आणि काउंटरवर ठेवली. त्याने पिन योग्य बाजूने बसवली. या वेळी दोन मिनिटंच लागली.

"आता यायला कारण उरलं नाही," ताई म्हणाली. तिने घड्याळ मनगटावर चढवलं.

"कारणाशिवाय या. मी वाट बघतो... तशीही बघतोच." मग तो माझ्याकडे वळला. "इन्स्पेक्टरबाईंची हरकत आहे?"

हे नाव त्याला कुणी सांगितलं, ते वेगळं विचारायला नको होतं.

मी ताईचा हात ओढला, पट्ट्याखाली माझी करंगळी घातली. जेमतेम गेली. ताई माझ्याकडे अशी बघत होती, जणू निकाल माझ्याच हातात आहे.

"सध्या चालेल," मी म्हणाले. "पण मी कड्या मोजत राहणार."

"मोज," तो म्हणाला.

ते बशीएवढं जुनं घड्याळ पहिल्या दिवसापासून त्याच्या खणात पडलं होतं. निघताना ताई ते न्यायला विसरली. मला आठवलं होतं. मी आठवण केली नाही.