दिगंबररावांचा खुबांक

सकाळी साडेसातला भागाबाई पुढच्या खोलीत केर काढत होत्या आणि त्यांच्या कमरेवरून एक अदबशीर आवाज म्हणत होता, "शाबास, दिगंबरराव. डावा पाय अजून थोडा मागे न्या."

दिगंबरराव नाफडे आरामखुर्चीत चहा पीत होते. स्वतःचं कौतुक त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

आवाज खुबापट्टीचा होता. त्या वर्षी चाळीसगावातल्या सत्तरीपुढच्या निम्म्या कमरांवर ती बसली होती. मांडीचं हाड कमरेला जिथे जुळतं, तो सांधा म्हणजे खुबा. पट्टी त्याची हालचाल मोजायची, आतली कुरकुर ऐकायची, त्याप्रमाणे व्यायाम सांगायची आणि शंभरपैकी गुण द्यायची. त्या गुणांना खुबांक म्हणत. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलला तरच त्यातला द्रव तिच्यात झिरपतो, तेच तिचं जेवण. दिगंबररावांनी ही पुस्तिका अथपासून इतिपर्यंत वाचली होती. बसून.

पट्टी नागपूरहून मुलीनं, ऋजुतानं पाठवली होती. एकट्यानं राहायचं तर खुबांक चाळीसच्या वर हवा, खाली आला की नागपूरला चौदाव्या मजल्यावर, असा करार होता. आकडा रोज तिच्या फोनवर जाई. पहिला महिना सूट होती, कारण सुरुवात एकतीसपासून झाली होती.

दिगंबररावांची सगळी नोकरी वजनमापे निरीक्षक म्हणून गेली होती. पारड्याखाली चिकटवलेली चिंच ते दुकानाच्या पायरीवरून ओळखत. असा माणूस चिंच चिकटवतो तेव्हा ती सहज सापडत नाही.

"तुझी कंबर धरते ना, म्हणून मुद्दाम मागवली," असं त्यांनी भागाबाईंना सांगितलं होतं. पट्टी तुमचं नाव का घेते, असं बाईंनी विचारलं, तेव्हा यंत्र ज्याच्या नावावर असतं त्याचंच नाव घेतं, असं उत्तर मिळालं. ते खरंही होतं. बाईंनी गल्लीभर सांगितलं की आमच्या साहेबांसारखा माणूस नाही, आणि दर सोमवारी त्या डबाभर शेवभाजी आणू लागल्या. दिगंबरराव ती खाली मान घालून खात. चव उत्तम असे, हीच अडचण होती.

चार महिन्यांत काय झालं, ते पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणेच झालं. साठीच्या भागाबाई पूर्वी भिंतीला धरून उठायच्या. आता हात न टेकता उठू लागल्या, जिना चढताना थांबेनाशा झाल्या. दिगंबररावांना मोजे चढवायला काठी लागू लागली. खुबांक एक्क्याऐंशीवर गेला.

आकडा पाहून ऋजुता हरखून भेटायला आली. तिनं भरीत केलं, कळण्याच्या भाकऱ्या थापल्या आणि जमिनीवर दोन पाट मांडले. आईच्या वेळी बसायचो तसं बसू, म्हणाली. गुडघ्याचं कारण सांगावं, तर गेल्याच आठवड्यात दिगंबररावांनी फोनवर तिला मांडी घालण्याचे फायदे समजावले होते. ते बसले. म्हणजे शेवटचं वीतभर अंतर पडलेच.

जेवण झालं, पण उठता येईना. त्यांनी आणखी अर्धी भाकरी मागितली. मग आणखी अर्धी. मग ताक. ऋजुता कौतुकानं वाढत राहिली. त्यांचा उष्टा हात वाळून कडक झाला, तेव्हा तिचा चेहरा बदलू लागला.

तेवढ्यात भांडी घासायला भागाबाई आल्या. त्यांनी एकदाच पाहिलं, साहेबांच्या काखेत हात घातला, पाय रोवले आणि सरळ उभं केलं.

"अप्रतिम, दिगंबरराव," कमरेवरून आवाज आला. "आज तुम्ही मोठं वजन उचलून उभे राहिलात."

ऋजुतानं फोनवरचा आकडा पाहिला, मग वडिलांकडे, मग बाईंच्या कमरेकडे. दिगंबररावांनी पकडलेले दुकानदार अशा वेळी तराजूकडे बघत उभे राहायचे. तराजूकडेच का, ते त्यांना आज कळलं.

"म्हणजे ही माझ्यासाठी नव्हतीच," भागाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवेना.

त्यांनी पट्टी सोडली, साहेबांच्या कमरेला बांधली आणि एक पाऊल मागे टाकायला लावलं. आकडा आला बावीस. ऋजुता आत जाऊन वडिलांची बॅग काढू लागली.

"ताई, थांबा. माझी कंबर चार महिन्यांत सुटली, यांचीही सुटंल," भागाबाई तिला म्हणाल्या. "मी रोज व्यायाम करून घेईन. पण फुकट शेवभाजी खाऊ घातली मी या माणसाला. तेव्हा मी आपणहून येणार नाही. बोलावणं त्यांच्या तोंडून यायला पाहिजे."

त्या भांडी न घासताच दाराकडे निघाल्या. दिगंबररावांना त्यांच्या मागे जायचं होतं. दारापर्यंत सात पावलं होती, आणि प्रत्येक पावलाला पट्टी धीर देत होती, त्यांच्याच नावानं. या वेळी पावलं खरंच त्यांची होती.

बाईंनी चपला चढवल्या होत्या.

"भागाबाई," चौकट धरून ते म्हणाले, "उद्या याल का?"