वेदीमागचं दगडी भांडं

"ढब्ब्या, लाव उचकी!" टिटवी कुजबुजली.

"उचकी म्हणजे काय नळ आहे, सोडला की आली?"

"मग नाटक कर! शाळेत गृहपाठ तपासताना बरी लागते तुला!"

चर्चच्या व्हरांड्यात राखणदारकाका किल्ल्यांचा जुडगा मांडीवर ठेवून बसले होते. वेदीमागच्या खोलीत पोरांना सक्त मज्जाव! पण आज आत जायलाच हवं होतं.

टिटवीचे बाबा सुतार. सुट्टीभर चर्चच्या लाकूडकामाला पॉलिश करायचं काम त्यांच्याकडे होतं, म्हणून टिटवी, तिचा मामेभाऊ ढब्बू आणि वर्गमैत्रीण चष्मिस यांचा मुक्काम आवारातच असे. मागच्या उतारावर तळं होतं. तळ्यात बदकीण आणि तिच्यामागे पिल्लांची रांग. चार हात पुढे गेली की ती मान वळवून मागे बघायची. "पोरं आहेत ना मागे, याची खात्री केल्याशिवाय ती पुढे जात नाही बघ," असं बाबांनीच टिटवीला दाखवलं होतं.

आणि मग रांग तुटायला लागली. रोज सकाळी पाण्यावर एखादं पिल्लू उलटं तरंगताना दिसे. आता एकच उरलं होतं, तेही टिटवीच्या बुटांच्या खोक्यात, तिच्या स्कार्फमध्ये गुंडाळलेलं.

"मांजराचं काम!" राखणदारकाकांनी निकाल देऊन टाकला होता.

"मांजर तळ्यावर तेल ओतून जातं का हो, काका?" चष्मिसनं विचारलं होतं. कारण पाण्यावर रंगीबेरंगी तवंग आला होता. घाण कुठून येते ते शोधायला पोरांनी कपड्यांची नीळ पाण्यात कालवली आणि आवारातल्या एकेका मोरीत ओतली. तळं काही निळं झालं नाही. राहिली होती फक्त ती बंद खोली.

"उक्! काका... उक्! मरतो मी!"

"अरे अरे! थांब, पाणी आणतो!" काका धावले. जुडगा खुर्चीवरच राहिला!

टिटवी आणि चष्मिस किल्ली लावून आत घुसल्या. कोपऱ्यात एक छोटं दगडी भांडं होतं, तळाशी भोक असलेलं. टिटवीनं नीळ ओतली आणि दोघी धूम पळाल्या तळ्याकडे.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग काठच्या मातीतून एक निळा धागा पाझरला आणि पाण्यात पसरला.

"सापडलं! टिटवे, सापडलं!" चष्मिस नाचायलाच लागली.

टिटवी मात्र मागे चर्चकडे बघत होती. भांड्याच्या कडेला वाळत घातलेलं फडकं तिनं पाहिलं होतं. पिवळ्या फुलांचं. तिच्याच जुन्या फ्रॉकचं, बाबा पॉलिशला वापरत ते. त्याला थिनरचा वास येत होता.

चष्मिसनं तिचा चेहरा पाहिला आणि नाच थांबवला. फडकं तिनंही पाहिलं होतं. "नको सांगूया का मग?"

"आणि हिला काय सांगायचं?" टिटवीनं बदकिणीकडे बोट दाखवलं. खोकं उराशी धरून ती चर्चमध्ये गेली. बाबा वेदीचा पाय घासत होते. फादर शेजारीच उभे होते.

"बाबा, त्या दगडी भांड्यात तुम्ही काही ओतता?"

"हो तर!" बाबा सहज म्हणाले. "वेदीचं जुनं पॉलिश थिनरनं काढलं ना, ते. पिढ्यान्‌पिढ्या लोक हिच्यापुढे गुडघे टेकत आले. ते धुवण गटारात कसं टाकायचं गं? देवाचं ते देवाच्याच भांड्यात ओतलं."

फादर मटकन बाकावर बसले. "अरे देवा! ते भांडं गटाराला जोडलेलंच नाही हो. आशीर्वादाचं पाणी गटारात जाऊ नये, मातीत परत जावं, म्हणून त्याची नळी सरळ जमिनीत सोडलीय. आणि खाली तळं... मलाही रोज वास येत होता. मी एकदाही विचारलं नाही."

बाबांनी खोकं उघडलं. स्कार्फमधलं पिल्लू गार पडलं होतं.

मागोमाग आलेला ढब्बू हमसून हमसून रडू लागला. यावेळी नाटक नव्हतं.

दुपारभर बाबा, राखणदारकाका आणि फादर काठची काळवंडलेली माती खणून पत्र्याच्या पिंपात भरत होते. संध्याकाळी फादर चिखलानं भरलेले हात पुसत आले. "शाबास, पोरांनो! देवानं माणसाला बाग दिली ती राखायला. ती राखण तुम्ही केलीत."

"कुठे केली, फादर?" टिटवी म्हणाली. "एकही उरलं नाही."

काकांनी मान खाली घातली. "मांजराला उगाच बोल लावला मी," ते पुटपुटले.

बाबा काठावरच बसले होते. टिटवी त्यांच्याशेजारी जाऊन बसली. त्यांच्या हाताला अजून तोच वास होता, तरी तिनं तो धरला.

"केवढ्या भक्तीनं ओतत होतो गं," बाबा म्हणाले. "पण ओतलं की निघालो. ते जातं कुठे, हे वळून बघितलं नाही."

समोर बदकीण चार हात पुढे गेली. थांबली. मान वळवून तिनं मागे पाहिलं, आणि तशीच बघत राहिली.